एका चौकोनात एकच पोर

४ जून, गुरुवार

आणि मोजे धुणं हे माझं काम नाही, हे मी आज चौथ्यांदा सांगितलं. मालक म्हणाले, मग कुणाचं? मी म्हणालो, ज्याचं असेल त्याचं. ते म्हणाले, तुझंच आहे. संपला विषय. अशा माणसाशी वाद तरी काय घालणार? एवढी मोठी शेड भाड्याने घेतली, आत ट्रॅम्पोलिन टाकले, बाहेर रंगीत बोर्ड लावला, आणि अक्कल मात्र घरीच ठेवून आले. मी इथे सगळ्यात हुशार, आणि मीच तळव्याला रबरी ठिपके असलेले सत्तर जोड बादलीत बुडवत बसायचं. एकेक मोजा माझ्या अंगठ्याएवढा. त्या ठिपक्यांमुळे पोरं घसरत नाहीत, हे मान्य. पण वास! दीड-दोन वर्षांचा प्राणी दिवसभरात चालतो किती, त्याच्या पायाला एवढा वास येतो कुठून?

आजपासून वही लिहायची ठरवली आहे. मोठी माणसं लिहितात. मी नववीत शाळा सोडली (ताई म्हणते शाळेनेच मला सोडलं, तिला बोलायला काय जातं), पण अक्षर चांगलं आहे.

५ जून, शुक्रवार

मोठी बातमी. मालकांनी दुपारी सगळ्यांना काउंटरपाशी बोलावलं. सगळे म्हणजे मी, काउंटरवाली, मोठ्यांच्या भागातले दोन दांडगे, आणि फरशी पुसणाऱ्या मावशी. मालक म्हणाले, विमा कंपनीने पत्र पाठवलंय, छोट्यांच्या भागाला एक पक्का इन्चार्ज पाहिजे. चोवीस तारखेला त्यांचा माणूस तपासणीला येणार. तो गेला की मी नाव ठरवीन. पगार चार हजार जास्त.

हे सांगताना मालकांनी माझ्याकडे बघितलं. काउंटरवाली म्हणते ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, मी मध्ये उभा होतो. जळते ती.

छोट्यांच्या भागात तसं आहे काय? जमिनीच्या पातळीला बसवलेले बारा चौकोन, प्रत्येकात ताणलेली मॅट, मधून मऊ पट्ट्या, स्प्रिंगवर जाड गाद्या, चहूबाजूंनी जाळी. दीड ते चार वर्षांची पोरं आत सोडायची, दहा मिनिटांनी बाहेर काढायची, पाणी पाजायचं, परत सोडायचं. कोंबड्या पाळण्यापेक्षा सोपं. कोंबड्यांना मोजे नसतात.

संध्याकाळी ताईला फोन केला. म्हणालो, पाळणाघरात जागा धर, एक तारखेपासून चार हजार जास्त पाठवतो. भाचा अडीच वर्षांचा आहे. ताई दिवसभर पॅकिंगच्या कारखान्यात, आणि पोरगा शेजारच्या आजींकडे. त्या आजी दुपारी झोपल्या की ढोल वाजवला तरी उठत नाहीत. गेल्या महिन्यात पोरगा दार उघडून रस्त्यावर गेला होता, एका रिक्षावाल्याने आणून दिला. पाळणाघराचे चार हजार म्हणजे बरोबर माझी बढती. ताई म्हणाली, नक्की ना रे? मी म्हणालो, नक्की म्हणजे काय, झाल्यातच जमा आहे. ती म्हणाली, येड्या, झालं की झालं म्हण.

बायकांना धीर नसतो.

८ जून, सोमवार

इन्चार्ज होण्याच्या दृष्टीने नियमांचा बोर्ड आज पहिल्यांदा पूर्ण वाचला. एका चौकोनात एकच पोर. मोठ्या माणसाने चौकोनावर चढायचं नाही, कडेला बसायचं. खिसे रिकामे. हातात खेळणं नाही, तोंडात खाऊ नाही. कोलांटी नाही. लिहिणाऱ्याला आयुष्यात कधी मजा करता आली नसणार. एका चौकोनात एकच पोर! पलंगाएवढा चौकोन, त्यात चार पोरं आरामात मावतात. मी बसमध्ये याहून कमी जागेत दोन तास उभा राहून येतो.

मावशींना विचारलं, हे असं का? त्या पोछा पिळत म्हणाल्या, एक खाली आला की दुसरा वर जातो रे लेका, आणि कुठे जातो ते त्याचं त्याला कळत नाही. याला उत्तर म्हणतात! बाईने चार पोरं वाढवली, दोन नातवंडं सांभाळली, म्हणजे लगेच शास्त्रज्ञ झाली.

आज एक नवीन गिऱ्हाईक आलं. दोन वर्षांचा मुलगा, बरोबर आजोबा. मुलाने मोजे घातले, चौकोनाच्या बरोबर मध्ये जाऊन उभा राहिला. आणि उभाच. दहा मिनिटं. गुडघाही हलवला नाही. आजोबा जाळीपलीकडून म्हणतात, उडी मार ना राजा, हे बघ, अशी. आणि स्वतः फरशीवर उड्या मारतात, त्या वयात. मुलगा त्यांच्याकडे असा बघतो की जणू त्याने यांना इथे आणलंय. वेळ संपली, उतरला, मोजे काढले, गेला. पूर्ण पैसे भरून.

९ जून, मंगळवार

तो पुन्हा आला. पुन्हा उभा. मी त्याचं नाव खांब ठेवलं.

११ जून, गुरुवार

खांब चौथ्यांदा. काउंटरवालीने सांगितलं, आजोबांनी महिन्याचा पास काढलाय. मुलगा चालायला उशिरा लागला, डॉक्टर म्हणाले पायांना जोर येऊ द्या, म्हणून आणतात. माझं म्हणणं, उभं राहायला पास कशाला लागतो? तो रस्त्यावर फुकट उभा राहील.

पण मला ही गोष्ट लागली आहे. माझ्या विभागात येऊन कुणी उडत नाही, हा माझा अपमान आहे. बाकीची पोरं बघा, डोक्यात काही नाही पण उडतात तरी. एक आहे ती उडताना स्वतःच टाळ्या वाजवते. एक आहे तो फक्त पडतो, उठतो, पडतो, आणि त्याची आई ते मोबाईलवर घेत असते. मी म्हणालो, बाई, फोन ठेवा, पोराकडे बघा. ती म्हणाली, त्याच्याकडेच तर बघतेय. पडद्यावर. धन्य आहे.

संकल्प: चोवीस तारखेच्या आत खांब उडाला पाहिजे. तपासणीवाल्यासमोर उडाला तर बढती माझ्या खिशात.

१३ जून, शनिवार. दुपार, जेवणाची सुट्टी

शनिवारी गर्दी. चोवीस पोरं, बारा चौकोन. दहा मिनिटं झाली, कुणी उतरेना. मी मोठ्यांच्या भागातून शिट्टी आणली. शिस्त लावायची तर आवाज पाहिजे.

वाजवली. एकदाच.

सगळी बाराच्या बारा एकदम थांबली. अर्धा सेकंद मला वाटलं, जमलं. मग पहिलं रडलं. मग बाकीची. मग जाळीपलीकडे वाट बघणारी बारा, त्यांना तर मी काही केलंच नव्हतं. एकीने तिथेच चड्डी ओली केली. त्यातून एक घसरला, दुसऱ्याची आई मालकांना शोधत निघाली. मावशी चपला काढून आत कडेला बसल्या आणि हळूच म्हणाल्या, बसा बसा बसा, बुड टेकवा, चला, कोण आधी बुड टेकवतं. आणि ती सगळी टेकली! अशी टपाटप. रडत रडत.

मालक म्हणाले, शिट्टी कुठून आणलीस? मी म्हणालो, ती सेफ्टीसाठी आहे. ते म्हणाले, परत ठेव आणि पोछा मार. मी म्हणालो, पोछा मावशींचं काम. ते म्हणाले, मावशी तुझं काम करतायत.

या टोमण्याची नोंद ठेवतो आहे. इन्चार्ज झालो की बघतो.

एक गोष्ट मात्र सिद्ध झाली. शिट्टीने माझा विभाग अर्ध्या सेकंदात थांबला. मोठ्यांच्या भागात त्या दांडग्यांच्या शिट्टीने कुणी ढुंकून बघत नाही.

१४ जून, रविवार

मावशींची पद्धत बघितली. म्हणजे बघायची नव्हती, समोरच होती. नवीन पोर आलं की त्या त्याला उडायला शिकवतच नाहीत. थांबायला शिकवतात. गुडघे वाकव, बुड टेकव, थांब. पुन्हा. पुन्हा. मग म्हणतात, आता हळूच उठ. कडेला आला की हात पुढे करून परत मध्ये. उडायला आलेल्या पोराला थांबायला शिकवणारी ही जगातली पहिली बाई असेल. मी म्हणालो, मावशी, लोक उडायचे पैसे देतात. त्या म्हणाल्या, आणि न पडता घरी न्यायचे. सवयीने फडका मारतच बोलतात, माझ्याकडे बघतही नाहीत.

१६ जून, मंगळवार

ताईचा फोन. घाबरलेली. भाचा पलंगावर उड्या मारायला लागलाय. आजी झोपलेल्या होत्या, हा काठावरून पडला, कपाळाला टेंगूळ. म्हणाली, काय करू? तिने मला विचारलं! मी तज्ज्ञ आहे हे घरापर्यंत पोचलं तर.

मी सविस्तर सांगितलं. गादी पलंगावरून काढ, जमिनीवर टाक. भिंतीपासून लांब, खिडकीपासून त्याहून लांब. मोजे काढ, अनवाणी बरा, ठिपक्यांचे नसले तर घसरतो. तोंडात काही नको. तू बाजूला बस, बरोबर उडू नको. आणि आधी थांबायला शिकव, गुडघे वाकवून बुड टेकवायचं. ती ऐकत होती. म्हणाली, अरे, बरंच शिकलास की. मी म्हणालो, शिकलो नाही, मला येतं. ती म्हणाली, गादी मी कालच खाली टाकली.

मग कशाला विचारलं?

मग म्हणाली, आजींना सांगून टाकलं, एक तारखेपासून नको म्हणून. त्या रुसल्या. लगेच समोरच्या घरचं बाळ घेतलं सांभाळायला, आता दोन जमणार नाहीत म्हणतात. पाळणाघराने नाव लिहून घेतलं, पैसे एक-दोन तारखेला भरायचे. ताई म्हणाली, आता तुझ्यावर आहे बघ. मी म्हणालो, माझ्यावर आहे म्हणजे काळजीच मिटली. फोनवर ती हसली की काय कळलं नाही. रेंज खराब होती.

१८ जून, गुरुवार

खांब नऊ दिवस. आजोबा रोज तसेच फरशीवर उड्या मारतात. आज मी खांबासमोर वेगवेगळे प्रयोग केले. टाळ्या. गाणं. बेडकासारखा बसलो. तो माझ्याकडे बघत राहिला, मालक बघतात तसाच. हे एवढंसं पोर, अजून नीट बोलता येत नाही, आणि तोंडावर भाव असे की मोजे धुणं हे माझंच काम आहे.

मग मावशी येऊन कडेला बसल्या. मॅटवर हात ठेवून थोडा दाबला, सोडला. दाबला, सोडला. खांबाचे पाय जरासे हलले, म्हणजे जमीन हलली, तो नाही. तो खाली वाकून बघायला लागला. मावशी म्हणाल्या, बघतोय हां तो. कशाला घाई. मी म्हणालो, चोवीस तारीख जवळ आलीय. त्या म्हणाल्या, त्याला माहितेय का चोवीस तारीख?

हे असलं बोलून माणूस कधी पुढे जातो का?

२० जून, शनिवार. सकाळी ८.३०

माझी योजना. पोरं ऐकून शिकत नाहीत, बघून शिकतात. म्हणजे खांबाला कुणीतरी खरी उडी दाखवली पाहिजे. आजोबांची ती उडी नव्हे, त्यात ते वर कमी आणि पुढे जास्त जातात. खरी उडी, माझी.

सराव करायला मोठ्यांच्या भागात अर्धा तास लवकर आलो. कोलांटी मारून बघितली. जाताना चांगली गेली.

सकाळी ११. मान डावीकडे वळत नाही. उजवीकडे वळते. मला जे बघायचं असतं ते बहुतेक उजवीकडेच असतं.

२२ जून, सोमवार

मान तशीच. मावशींनी बाम चोळला, न विचारता, भांडी घासावीत तसा. म्हणाल्या, कुठे पडलास? मी म्हणालो, पडलो नाही, झोपेत लचकली. त्या म्हणाल्या, बरं, झोपेत कोलांटी मारू नको. त्या दांडग्यांपैकी कुणीतरी चुगली केली असणार.

मालकांनी उद्या-परवाची कामं वाटली. मी गाद्यांचे बंद आणि स्प्रिंगा तपासायच्या. मावशींनी पोरं सांभाळायची. मी विचारलं, उलट का नाही? मालक म्हणाले, स्प्रिंगा रडत नाहीत.

२३ जून, मंगळवार

स्प्रिंगा तपासल्या. बारा चौकोन, प्रत्येकाला चाळीस. पहिल्या तीन चौकोनांच्या एकेक हाताने दाबून बघितल्या. बाकीच्या नजरेने. माझी नजर चांगली आहे.

मावशी संध्याकाळी जायच्या आधी पुन्हा सगळीकडे हात फिरवत होत्या. सातव्या चौकोनात एक गादी सुटलेली सापडली, बंद नीट बांधला नव्हता. त्यांनी बांधला आणि काही बोलल्या नाहीत. काही बोलल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं, तयार होतं.

ताईचा मेसेज: उद्या तुझी परीक्षा ना? नीट दे. भाच्याचा आवाज पाठवला होता, मामा म्हणतो. स्पष्ट नाही, ममा सारखं वाटतं. तरी तीनदा ऐकलं, मामाच म्हणतो.

२४ जून, बुधवार. दुपारी १२

तपासणीवाले साहेब आले. मला वाटलं मोठी गाडी, दोन-तीन माणसं. हा एकटाच, बारीक, खांद्याला पिशवी. आल्याआल्या बूट काढले आणि काउंटरवरून ठिपक्यांचे मोजे मागून घातले. पैसे देऊन! मोठ्या मापाचे तेव्हा वाळत होते, टाच बाहेर राहिली. अशा माणसाला घाबरायचं? मी कॉलर नीट केली.

त्यांनी स्प्रिंगा दाबल्या, गाद्या ओढून बघितल्या, जाळीला लोंबकळले. सातव्या चौकोनाची गादी दोनदा ओढली, पक्की होती. म्हणाले, व्यवस्थित आहे. मी म्हणालो, कालच तपासल्या, मीच. मालक खूश झाले. मग साहेब कडेला खुर्ची घेऊन बसले, म्हणाले, आता तुम्ही रोजच्यासारखं काम करा, मी बघतो.

पावणेअकराला खांब आला. बाकीची पोरं मावशींच्या ओळीत बुड टेकत होती. खांब आपल्या चौकोनात, मध्ये. उभा. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, लिहिलं असेल, मूल उडत नाही. कर्मचारी काही करत नाही.

वेळ आली होती.

मी चौकोनावर चढलो. मावशी म्हणाल्या, ए, खाली उतर. मी म्हणालो, बघा तर. खांबासमोर उभा राहिलो, म्हणालो, हे बघ, अशी. आणि मारली. मान आखडलेली असूनही उडी उत्तम होती, हे मी निःपक्षपातीपणे लिहितो आहे.

मी खाली आलो आणि खांब वर गेला.

म्हणजे चेंडू जातो तसा. माझ्या कमरेच्या वर. हातपाय पसरलेले, तोंड उघडं, आवाज नाही. हवेत एक क्षण तो आणि मी समोरासमोर होतो. मग तो तोंडावर आला, गादीच्या कडेला. मावशी कशा पोचल्या मला माहीत नाही, त्या सहा चौकोन लांब होत्या. त्यांनी उचलला. मग त्याने आवाज काढला.

खालचा ओठ दातात आला होता. रक्त थोडंच. पण पोराच्या तोंडातलं रक्त थोडं असलं तरी सगळीकडे दिसतं. आजोबा जाळीतून आत येऊ बघत होते, त्यांना दार सापडेना.

२४ जून. संध्याकाळ

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. वजन विचारलं. मी म्हणालो, बहात्तर. ते म्हणाले, बहात्तर किलोंनी मॅट दाबली जाते, तो दाब परत वर येतो, आणि वर जे उभं असेल त्याला घेऊन जातो. बारा किलोचं मूल कुठेही जाऊ शकतं. मान मोडते, पाय मोडतो. म्हणून बोर्डावर लिहिलंय. मी म्हणालो, पण साहेब, तो पंधरा दिवसांत एकदाही उडाला नव्हता, आज पहिल्यांदा उडाला. ते म्हणाले, तो उडाला नाही, तुम्ही त्याला फेकलं.

शब्दांचा खेळ आहे हा. वर गेला की नाही गेला?

मग ते मावशींकडे गेले आणि त्यांना विचारत बसले, थांबायला कसं शिकवता, किती वेळ लागतो, कुणी शिकवलं. मावशी म्हणाल्या, कुणी कशाला शिकवायला पाहिजे, पडलेली पोरं कमी उचललीत का. साहेबांनी तेही लिहिलं.

छोट्यांचा भाग चार दिवस बंद.

२५ जून, गुरुवार

बंद असल्यामुळे मोठ्यांच्या भागात मोजे. मोठ्यांच्या मोज्यांपुढे छोट्यांचे अत्तर.

शांतपणे विचार केला. चूक कुणाची? बोर्डावर नियम आहे, पण कारण लिहिलेलं नाही. कारण नसलेला नियम समजूतदार माणूस पाळत नाही. शिवाय मालकांनी मला पोरांवर ठेवलं असतं तर मी चौकोनावर चढलोच नसतो, खालीच असतो. म्हणजे मुळात मालकांची चूक. शिवाय आजोबांनी त्याला पंधरा दिवस नुसतं उभं राहू दिलं, त्यामुळे तो इतका ताठ होता. वाकलेला असता तर कमी वर गेला असता.

बढतीबद्दल अजून काही कळलं नाही. कळलं नाही याचा अर्थ नाही असा होत नाही.

२७ जून, शनिवार

मालकांनी सगळ्यांना काउंटरपाशी बोलावलं. इन्चार्ज मावशी.

पोछा मारणारी बाई! काउंटरवालीने टाळ्या वाजवल्या. दांडग्यांनीही. मावशी लाजल्या आणि पहिली गोष्ट काय बोलल्या, तर मग पोछा कोण मारणार. मालकांनी माझ्याकडे बघितलं. या वेळी माझ्या मागे घड्याळ नव्हतं.

मग मालकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, काढणारच होतो तुला, मावशी आडव्या आल्या. म्हणाल्या, पोरगा वाईट नाही, नुसता उडतो. दोन महिने तू त्यांच्या हाताखाली. पोरांच्या अंगाला हात लावायचा नाही, मोजे, पोछा, पाणी. बंद चार दिवसांचा तुझा पगार नाही, डॉक्टरची फी तुझ्याकडून.

मी म्हणालो, विचार करतो. ते म्हणाले, विचार करून झाला की बादली घे.

मी तिथेच राजीनामा फेकणार होतो. पण मावशी एकट्या पडल्या असत्या. माणुसकी म्हणून राहिलो.

२९ जून, सोमवार

भाग उघडला. खांब आला. ओठावर बारीक खपली. मला वाटलं आजोबा भांडतील, उत्तर तयार ठेवलं होतं. ते म्हणाले, भाऊ, मोजे द्या. बस एवढंच. खांबाने मला बघितलं आणि आजोबांच्या पायाला मिठी मारली. अर्धा मिनिट सोडेना. मी मोज्यांच्या रॅकमागे जाऊन उभा राहिलो, तेव्हा सोडलं.

रॅकच्या फटीतून दिसत होतं. मावशी कडेला बसल्या, मॅट दाबली, सोडली. खांब गुडघे वाकवून खाली बसला, बुड टेकवलं. दाबली, सोडली. तो बसल्या बसल्या हलला. मग हात पुढे केला, स्वतःच मॅट दाबली. सोडली. आणि हसला. आजोबा जाळी धरून उभे होते, या वेळी फरशीवर उड्या मारल्या नाहीत.

याला उडी म्हणतात? बुडावर हलणं. आमच्या इथे त्याचेही पैसे घेतात.

मी मात्र बराच वेळ तिथे उभा होतो. मोजे जोडीने लावायला वेळ लागतो.

३० जून, मंगळवार

ताईला मी फोन करणार होतो. करणारच होतो. तिनेच केला.

मी सुरुवात केली की या महिन्यात जरा राजकारण झालं. ती म्हणाली, सरळ सांग. सांगितलं. शिट्टी सोडून सगळं. म्हणजे मानही सोडून. ती म्हणाली, त्या पोराला फार लागलं का? मी म्हणालो, ओठ. ती म्हणाली, नशीब. मागे भाच्याचा आवाज येत होता, धप, धप, गादीवर.

मी म्हणालो, आजींना परत विचार. ती म्हणाली, विचारलं, त्यांच्याकडे आता समोरचं बाळ आहे. मी म्हणालो, पाळणाघराला सांग महिनाभर थांबा. ती म्हणाली, त्यांच्याकडे रांग आहे, तुझ्यासाठी कोण थांबतंय. मग म्हणाली, मी रात्रपाळी मागून घेतलीय. तो झोपला की जाईन, खालच्या मजल्यावरची मुलगी येऊन झोपेल त्याच्याजवळ. दिवसा मी आहेच त्याच्यापाशी. मी म्हणालो, मग तू झोपणार कधी? ती म्हणाली, तो उड्या मारत नसेल तेव्हा.

रात्रपाळीला पगार जास्त असतो. म्हणजे हिशेबाने बघितलं तर तिचा फायदाच झाला. हे मी तिला सांगणार होतो. नाही सांगितलं. रेंज चांगली होती.

शेवटी तिने विचारलं, जेवलास का रे? मी हो म्हणालो.

१ जुलै, बुधवार

पगार झाला. मालकांनी पाकीट दिलं, वर पेन्सिलीने कापलेलं सगळं लिहिलेलं. मावशींनी नवीन ओळखपत्र लावलं होतं, उलटं. मी सरळ करून दिलं. त्या म्हणाल्या, उद्या लवकर ये, गाद्यांचे बंद तुझ्याकडून बांधून घेते, हाताने, नजरेने नाही. कोण सांगतं यांना हे सगळं?

जेवणाच्या सुट्टीत पैसे पाठवायच्या दुकानात गेलो. दर महिन्याला पाच हजार पाठवतो, या वेळी नऊ सांगितले होते. रांगेत उभं राहून तीन वेळा पाकीट उघडलं, दर वेळी तेवढेच. खोलीचं भाडं वेगळं काढलं. बसचा पास काढायचा नाही असं ठरवलं, चालत जाता येतं, एक तास, पायांना जोर येतो. चहाचेही त्यात घातले.

खिडकीतल्या माणसाने विचारलं, नातं? म्हणालो, बहीण. कशासाठी? फॉर्मवर ती एक ओळ असते. मी पाळणाघर लिहिलं, मग खोडलं. त्याने नवीन फॉर्म दिला, चिडून. त्यावर नुसतं घरखर्च लिहिलं. रक्कम किती, म्हणाला, अंकी आणि अक्षरी.

३,३५०. तीन हजार तीनशे पन्नास.